काढत नाहीत, फक्त पुन्हा घेत नाहीत

तृतीय वर्ष बी.ए.च्या मुलांना अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी विषय द्यावे लागतात. आमच्या महाविद्यालयात ती यादी जुलैत विभागाच्या दारावर लागायची. एका वर्षीची यादी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशेबानं आणि तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवणाऱ्या एका तरुण सरांनी ती केली होती. नीट टाइप केलेले पंधरा विषय. आठवडी बाजारातली भाजीविक्री, महिला बचत गट, पीक विमा, दूध संकलन केंद्र, असं नेहमीचंच. अकरावा विषय होता, 'तालुक्यातील ऊस उत्पादकांना मिळणारी एफआरपी आणि वजनकाट्याविषयीच्या तक्रारी'. एफआरपी म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा, सरकारनं ठरवलेला किमान दर. त्या विषयावर पेन्सिलीची रेघ मारलेली होती. यादी माझ्याकडे सहीला आली तेव्हा मी विचारलं, "हा का काढला?" ते म्हणाले, "सर, मुलांना आकडेवारी कुठं मिळणार? पुढच्या वर्षी बघू."

आमच्या संस्थेचे अध्यक्ष तालुक्यातल्या साखर कारखान्याचे चेअरमन होते. त्या सरांना कुणी काही बोललं नव्हतं. असली यादी असते हे अध्यक्षांना ठाऊकही नसावं, आणि प्राचार्यांनी ती पाहिलेली नव्हती. विषय ज्यानं लिहिला त्यानंच तो खोडला होता. रात्री टाइप करताना त्याच्यातला अर्थशास्त्राचा माणूस जागा असणार, आणि सकाळी एस.टी.त बसल्यावर त्याला नेमणुकीच्या आदेशावरची तारीख आठवली असणार.

शैक्षणिक स्वातंत्र्याची चर्चा आपल्याकडे होते ती मोठ्या आवाजाच्या घटनांवरून. जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेवर झालेला हल्ला, २०१० साली मुंबई विद्यापीठानं अभ्यासक्रमातून काढलेली रोहिंटन मिस्त्री यांची कादंबरी, पुढच्याच वर्षी दिल्ली विद्यापीठानं वगळलेला ए. के. रामानुजन यांचा रामायणांवरचा निबंध. या घटनांवर अग्रलेख येतात, निषेधाची पत्रकं निघतात, कुणीतरी कोर्टात जातं. पेन्सिलीच्या रेघेवर कोण पत्रक काढणार? पण महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यांत स्वातंत्र्य जातं ते या रेघेनं. प्राध्यापकाचं विचारस्वातंत्र्य आणि त्याच्या नोकरीचा कायमपणा हा एकच प्रश्न आहे असं मी म्हणतो ते यामुळे. पहिल्यावर परिसंवाद घ्यायचे आणि दुसरा संघटनेच्या मागणीपत्रात सातव्या क्रमांकावर टाकायचा, ही आपली जुनी खोड आहे.

इंग्रजीतल्या 'टेन्युअर'ला आपण 'कायम' म्हणतो. "मुलगा कायम झाला का?" हे लग्नाच्या बैठकीत मुलीचा बाप विचारतो. त्यामुळे या शब्दाला पगार, गृहकर्ज आणि निवृत्तिवेतनाचा वास चिकटलाय. मूळ अर्थ त्याहून खूप साधा आहे. माणसाला काढायचं असेल तर कारण लेखी द्या, आरोपपत्र द्या, चौकशी करा, त्याचं म्हणणं ऐकून घ्या, आणि तुमचा निर्णय त्याला पटला नाही तर वरच्या पायरीवर दाद मागू द्या. कामचुकाराला काढता येतं, पैसे खाणाऱ्याला काढता येतं. गुपचूप तेवढं काढता येत नाही. महाराष्ट्रात यासाठी विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात ते होतं, २०१६ च्या कायद्यातही आहे. पण तासिकावाल्याला त्या न्यायाधिकरणाचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण त्याला कुणी काढतच नाही. मुदत संपते, आणि जूनमध्ये त्याला पुन्हा घेत नाहीत. कागदावर काहीच घडलेलं नसतं.

कागदावर काही न घडण्याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या कोसबेंत जन्मलेला, हार्वर्डला शिकलेला, फर्ग्युसनमध्ये बारा-तेरा वर्षं गणित शिकवलेला हा माणूस १९४० च्या दशकाच्या मध्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेला. राहायला पुण्यात, नोकरी मुंबईत, आणि रोजची ये-जा डेक्कन क्वीननं. गणित करता करता त्यांनी नाण्यांची वजनं मोजली, भर्तृहरीच्या संहिता तपासल्या आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारा ग्रंथ लिहिला. अणुऊर्जेवर सरकार भरमसाट पैसा ओततंय, त्यापेक्षा सूर्याच्या उष्णतेचा विचार करा, असंही ते उघड बोलत राहिले. तेही अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार असलेल्या होमी भाभांच्या संस्थेत बसून. १९६२ मध्ये त्यांच्या कराराचं नूतनीकरण झालं नाही.

का झालं नाही? कुणी म्हणतं अणुऊर्जेवरच्या बोलण्यामुळे. कुणी म्हणतं, रीमान गृहीतक या गणितातल्या न सुटलेल्या कोड्याची सिद्धता सापडल्याचा त्यांचा दावा टिकला नाही, त्यानं गणितज्ञांत त्यांची पत गेली. कुणी त्यांच्या तिखट स्वभावाकडे बोट दाखवतं. तिन्ही कारणं खरी असतील किंवा एकही नसेल. ज्याचा करार संपतो त्याला कारण सांगावं लागत नाही, म्हणून पुढच्या पिढ्यांना भांडायलाही काही सापडत नाही. कोसंबींवर आरोपपत्र असतं तर आज आपण ते वाचलं असतं आणि कोण बरोबर होतं ते ठरवलं असतं. दावा चुकला म्हणून गणितज्ञाला काढावं का, हा वाद घालण्याजोगा प्रश्न आहे. तो वाद तेव्हा झालाच नाही.

रघुनाथ धोंडो कर्व्यांच्या बाबतीत निदान कारण लपलेलं नव्हतं. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि त्याचा जाहीर पुरस्कार चालवला. मिशनरी चालकांना ते रुचलं नाही, आणि कर्व्यांना नोकरी सोडावी लागली. वर्गात ते त्रिकोणमिती शिकवत होते, संततिनियमन नव्हे. पण चालकांना वर्गाबाहेरचा माणूसही आपल्याच मालकीचा वाटत होता. पुढे १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. पदरचे पैसे घालून, खटले अंगावर घेऊन. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले. हे सगळं आपण अभिमानानं सांगतो, पण नोकरी गेल्यावर असं जगणारा माणूस लाखांत एक असतो. विद्यापीठं उरलेल्यांवर चालतात. ज्यांना बायकापोरं आहेत, भावाचं शिक्षण आहे, घराचा हप्ता आहे आणि ज्यांच्यात थोडंसं धैर्यही आहे, अशांवर. नियम बनवायचे ते या थोड्याशा धैर्याच्या माणसांसाठी.

आणि असे नियम आपल्याकडे एकदा होते. आपण ते विसरलो, आणि कायमपणाची कल्पना अमेरिकेतून आली असं मानून बसलो.

डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची, फर्ग्युसन १८८५ चं. तिथं शिकवणारे तरुण संस्थेचे 'आजीव सभासद' होत. दरमहा पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षं सेवा करायची, असा बोलीचा व्यवहार. त्यागाची गोष्ट म्हणून हे आपल्याला शाळेत शिकवलं जातं. त्यातली व्यवस्थापनाची गोष्ट शिकवली जात नाही. हे आजीव सभासद नोकर नव्हते. रोजचा कारभार त्यांच्याच मंडळाच्या हातात. कोण काय शिकवणार, पैसा कुठं खर्च करायचा, प्राचार्य कोण, हे त्यांच्यात वाद होऊन, मतं पडून ठरायचं. ते वाद किती कडू होते हे टिळकांच्या १८९० मधल्या राजीनाम्यानं सगळ्यांना ठाऊक आहे. संस्थानिकांनी देणग्या दिल्या, नावं लावून घेतली, पण वर्गाची किल्ली त्यांच्याकडे गेली नाही.

या व्यवस्थेचं फळ म्हणजे आगरकर. १८८८ मध्ये 'सुधारक' सुरू केला आणि पुण्याच्या सनातन्यांच्या जिव्हारी लागेल असं दर आठवड्याला लिहिलं. विधवांचं केशवपन, संमतिवय, श्राद्धपक्ष, काहीही सोडलं नाही. त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. आणि या प्रेतयात्रेच्या धन्याला १८९२ मध्ये वामन शिवराम आपटे वारल्यावर फर्ग्युसनचे प्राचार्य करण्यात आलं. १८९५ मध्ये दम्यानं जाईपर्यंत ते प्राचार्य होते. आज एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी ज्याची प्रतीकात्मक प्रेतयात्रा निघाली आहे असा माणूस प्राचार्य होईल का? संस्थाचालक म्हणेल, "सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण ॲडमिशनवर परिणाम होतो." आगरकरांच्या वर असं म्हणणारा चालकच नव्हता. त्यांच्यासारखेच गणित, संस्कृत, इतिहास शिकवणारे सहकारी होते, आणि त्यांतले अनेक त्यांच्या मतांच्या विरुद्धही होते.

इथे एक गोष्ट गिळून टाकता येणार नाही. ते आजीव सभासद जवळजवळ सगळे एकाच जातीतले होते. स्वातंत्र्य खरं होतं, पण घरातल्या घरात होतं. ते बाकीच्यांपर्यंत पोचायला पुढचं जवळजवळ पाऊण शतक लागलं. मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये औरंगाबादला उभं राहिलं, आणि दलित साहित्याची चळवळ त्याच्या आवारात वाढली, म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे हे प्राध्यापकच होते. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात बसून नरहर कुरुंदकरांनी मनुस्मृतीपासून हैदराबादच्या मुक्तिसंग्रामापर्यंत सगळ्यावर आपली मतं बेधडक मांडली. पुण्या-मुंबईबाहेरचं मराठी वैचारिक जग ज्यांनी घडवलं त्यांची यादी करा, त्यांत निम्म्याहून अधिक लोक तालुक्या-जिल्ह्याच्या महाविद्यालयांत तास घेऊन घरी जाणारे निघतील.

सत्तरच्या दशकात सरकारनं अशासकीय महाविद्यालयांच्या प्राध्यापकांच्या पगाराची जबाबदारी घेतली, तेव्हा या स्वातंत्र्याला खरं बळ आलं. त्याआधीच्या गोष्टी जुने लोक सांगत. सही एका आकड्यावर करायची, हातात दुसराच आकडा घ्यायचा, आणि दिवाळीत अध्यक्षांच्या वाड्यावर फराळाला गेलं नाही तर पाडव्याला विचारणा व्हायची. पगार कोषागारातून बँकेत जमा होऊ लागल्यावर वाड्यावर जाणं कमी झालं. भरघोस पगाराबद्दल प्राध्यापकांना नावं ठेवणाऱ्या प्रत्येकाला मला हे सांगावंसं वाटतं. त्या पगाराची रक्कम तुम्हाला खुपते, ठीक आहे. पण तो कुठून येतो याचं महत्त्व रकमेपेक्षा मोठं होतं.

मग १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयं आली आणि 'शिक्षणसम्राट' हा शब्द मराठीत रुजला. पुढे कला, वाणिज्य, विज्ञानालाही 'कायम विनाअनुदानित' हा शिक्का बसला. या राज्यात शिक्षणाच्या बाबतीत 'कायम' हे विशेषण प्राध्यापकाकडून काढून घेऊन अनुदान न देण्याला लावलं गेलं, हा विनोद कुणी मुद्दाम केला नसेल.

अनुदानित महाविद्यालयांत काय झालं? माणसं निवृत्त होत गेली आणि जागा भरल्या नाहीत. मध्येच शासनाला पाझर फुटतो. २०१८ मध्ये ३५८० सहायक प्राध्यापकांची पदं भरायला मान्यता मिळाली. २०२० च्या मे महिन्यात कोविडचं कारण सांगून वित्त विभागानं सगळीच भरती थांबवली. २०२१ मध्ये २०८८ पदांना पुन्हा मान्यता. दरम्यान तास तर घ्यावेच लागतात. ते घेतात तासिकावाले, म्हणजेच सी.एच.बी.वाले (क्लॉक अवर बेसिस). २०२३ पासून त्यांना पदवीच्या एका तासाला ९०० रुपये मिळतात. आठवड्याला नऊ तास धरले तर महिन्याचे बत्तीस हजार चारशे होतात, पण ते कागदावर. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, गॅदरिंग, निवडणुकीचं काम, पावसानं बुडालेला दिवस, हे सगळे तास वजा. उन्हाळा पूर्ण वजा. बिल महाविद्यालयातून सहसंचालकांच्या कार्यालयात जातं आणि तिथून पैसे कधी निघतील ते कुणी सांगू शकत नाही. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं अतिथी अध्यापकाला तासाला १५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५० हजार असं सुचवलं होतं. आपण त्याच्या अध्येमध्ये कुठंतरी आहोत.

नेट-सेट झालेला, पीएच.डी. केलेला पस्तिशीतला माणूस स्टाफरूममध्ये कोपऱ्यातली खुर्ची घेतो. कपाट त्याच्या नावावर नसतं. मस्टरमध्ये त्याचं पान शेवटी, बहुतेक वेळा वेगळ्या वहीत. महाविद्यालयाचं मूल्यांकन करणारी नॅकची कमिटी येणार म्हटल्यावर फाइली त्यानं करायच्या, एन.एस.एस.च्या शिबिरात मुक्कामाला त्यानं जायचं, संस्थेच्या वर्धापनदिनाला हारतुऱ्यांची जबाबदारी त्याचीच. याला नाही म्हणायची सोय नसते, कारण जूनमध्ये मुलाखत पुन्हा द्यायची असते. त्याच जागेसाठी, त्याच विषयाची, मागच्या वर्षी ज्यांनी घेतली त्यांच्यासमोरच. अशा माणसानं वजनकाट्यावर प्रकल्प द्यावा ही अपेक्षा करणारे आपण कोण?

आता दुसरी बाजू, आणि ती माझ्यासारख्याला सोयीची नाही. जे कायम होते त्यांनी काय केलं?

मी कायम होतो. ती यादी माझ्याकडे आली, रेघ मी पाहिली, आणि खाली सही करून परत दिली. माझं कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं. फार तर विभागप्रमुखाची मुदत संपल्यावर पुढच्या समितीवर घेतलं नसतं. मीच तो विषय माझ्या गटातल्या मुलांना देऊ शकलो असतो. दिला नाही. नोकरीची शाश्वती आली की पाठीचा कणा आपोआप येतो असं मानणाऱ्यांनी कुठल्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये एक दुपार काढावी. सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीवर जेवढं बोललं जातं तेवढं अभ्यासक्रमावर बोललं जात नाही. काही जण वीस वर्षं त्याच पिवळ्या नोट्स वाचून दाखवतात, हेही खरं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अनेक संस्थांत कायमची जागा विकत मिळते. वावर विकून, सासऱ्याकडून घेऊन ती घेतली जाते. असा माणूस कायम होतो म्हणजे कर्जदार होतो. ज्याला पैसे दिले त्याच्याविरुद्ध तो तोंड कसं उघडणार?

यावर उपाय म्हणून कायमपण काढून टाका, कामगिरीवर ठेवा, असं आजकाल बरेच शहाणे लोक म्हणतात. कंपनीत चालतं तर कॉलेजात का नको? हा प्रयोग आपण अर्धवट करून पाहिलाय. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं पदोन्नतीसाठी गुणांकन आणलं. इतके शोधनिबंध, इतके गुण. काही वर्षांत गल्लोगल्ली आयएसएसएन क्रमांकाची संशोधन-पत्रिका निघाली. दोन हजार रुपये भरा, आठवड्यात निबंध छापून घ्या. पुण्यातल्याच अभ्यासकांनी २०१८ मध्ये आयोगाच्या मान्य यादीतल्या १००९ पत्रिका तपासल्या, आणि साध्या कसोट्यांना उतरल्या फक्त ११२. ज्या माणसाची बढती मोजणीवर अवलंबून असते तो मोजता येईल तेवढंच करतो. ऊस उत्पादकांच्या घरी सहा महिने जाऊन वजनपावत्या गोळा करणं मोजता येत नाही.

नाकर्त्या माणसाला काढायची तरतूद कायम नोकरीतही आहे. ती वापरली जात नाही, कारण चौकशी करायची म्हणजे पुरावा गोळा करायचा, आणि ते कष्टाचं काम आहे. त्यापेक्षा सगळ्यांनाच कच्चं ठेवणं सोपं. दहा आळशांना धाक बसावा म्हणून शंभरांच्या मानेवर सुरी ठेवायची, आणि त्या शंभरांतून निवडून नेमका बोलणारा कापायचा, असंच प्रत्यक्षात होतं. आळशी माणूस कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही हो. तो हार घालायला पहिला असतो.

अमेरिकेतला टेन्युअरचा इतिहासही असाच एका सम्राटापासून सुरू होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठ रेल्वेच्या पैशातून उभं राहिलं. तिथला एडवर्ड रॉस नावाचा समाजशास्त्रज्ञ रेल्वे कंपन्यांविरुद्ध बोलायचा आणि आशियातून मजूर आणायला विरोध करायचा. संस्थापकांच्या विधवा पत्नी जेन स्टॅनफर्ड यांच्या आग्रहानं १९०० मध्ये त्याला जावं लागलं. निषेध म्हणून राजीनामा देणाऱ्यांत आर्थर लव्हजॉय होता, आणि त्यानं जॉन ड्यूईबरोबर १९१५ मध्ये प्राध्यापकांची संघटना काढली. रॉसची आशियाई लोकांबद्दलची मतं आज वाचली तर किळस येते. तरीही त्याला ज्या पद्धतीनं काढलं ती चूकच होती. हे एका वेळी दोन्ही म्हणता आलं पाहिजे. आपल्याला आवडणाऱ्या प्राध्यापकासाठी गळा काढायचा आणि नावडत्याच्या वेळी 'कर्माची फळं' म्हणायचं, हे आपल्याकडच्या दोन्ही बाजूंना सवयीचं झालंय.

सत्तेचंही तसंच. डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडीनं कायदा दुरुस्त करून मंत्र्याला प्र-कुलपती करायचं ठरवलं, कुलगुरूंच्या निवडीत सरकारचा हात घातला. पुढच्या सरकारनं ती दुरुस्ती मागं घेतली आणि राज्यपालांचा हात मोकळा केला. भांडण कुणाचा हात, याचं होतं. दिल्लीत जेएनयूच्या ४८ प्राध्यापकांना २०१९ मध्ये आरोपपत्रं मिळाली, ती आदल्या वर्षी निदर्शनात भाग घेतल्याबद्दल, सरकारी कर्मचाऱ्यांचे वर्तणूक नियम लावून. त्याचा राग यायलाच हवा. पण त्यांना निदान आरोपपत्र मिळालं, त्यावर न्यायालयात जाता आलं, वर्तमानपत्रांत त्याचा आकडा आला. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत जून २०२४ च्या अखेरीस ५५ अध्यापक आणि साठेक कर्मचाऱ्यांना करार पुढे चालणार नाही असं पत्र गेलं. गवगवा झाला, दोन दिवसांत ते मागं घेतलं. त्या ५५ जणांवर कसलाही आरोप नव्हता. निधी नव्हता, एवढंच.

पैसेवाल्यांच्या खासगी विद्यापीठात तरी मोकळीक असेल, अशी एक आशा होती. अशोका विद्यापीठात २०२१ मध्ये राजकीय विचारवंत प्रताप भानू मेहतांनी राजीनामा दिला, आपलं तिथं असणं संस्थेला राजकीयदृष्ट्या जड जातंय हे आपल्याला जाणवून दिलं गेलं, असं सांगून. २०२३ मध्ये सब्यसाची दास या तरुण अर्थशास्त्रज्ञानं २०१९ च्या लोकसभा निवडणुकीवर शोधनिबंध लिहिला, विद्यापीठानं हात झटकले, आणि तोही गेला. निबंधातलं गणित चुकलं असेल तर दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञानं ते दाखवायचं असतं. सेफॉलॉजीत, म्हणजे निवडणुकांच्या आकडेशास्त्रात, मला गती नाही, पण एवढं कळतं की देणगीदाराचं काम उत्तर तपासणं नाही.

या सगळ्यात एक छोटी बातमी मला जास्त काळजीची वाटते. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत कंत्राटी अध्यापक एकूण पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावेत अशी मर्यादा होती. महाराष्ट्रात ती पाळली गेली नाही हा भाग वेगळा, पण लिहिलेली होती. कोर्टात दाखवता येत होती. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या नव्या मसुद्यात ती मर्यादाच काढून टाकली होती. त्या मसुद्यावर जी राळ उठली ती कुलगुरू कोण नेमणार यावर. दहा टक्क्यांवर फारसं कुणी बोललं नाही. कुलगुरू एक असतो हो, तासिकावाले हजारोंनी आहेत.

मला विचाराल तर मागण्या फार मोठ्या नाहीत. रिक्त पदं भरा, हे तर आहेच, आणि ती भरताना मुलाखतीचं चित्रीकरण आणि गुणपत्रक जाहीर करा, म्हणजे वावर विकावं लागणार नाही. पण ती भरेपर्यंत थांबायची गरज नाही. जो माणूस तीन वर्षं एकाच ठिकाणी तास घेतोय त्याला चौथ्या वर्षी पुन्हा घ्यायचं नसेल, तर कारण लेखी द्या. एक पान पुरेल. कार्यभार कमी झाला, विषय बंद पडला, मुलांच्या तक्रारी आहेत, जे असेल ते. आणि त्या पानावर त्याला न्यायाधिकरणात जाता येऊ द्या. याला शासनाचा एक रुपया लागत नाही. तरीही हे होणार नाही अशी मला शंका आहे, कारण ते पान लिहायला बसलेल्या माणसाला खरं कारण लिहिता येणार नाही.

आणि कायम असलेल्यांनी निदान एक करावं. खोडलेले विषय आपल्या नावावर घ्यावेत. तासिकावाल्याच्या यादीतून जे गळतं ते आपल्या यादीत घालावं. 'प्राध्यापकांची एकजूट' हा शब्द मोर्च्याच्या फलकावर शोभतो. जुलै महिन्यात, विभागाच्या दारावर, पंधरा विषयांच्या यादीत तो दिसला असता तर मला जास्त बरं वाटलं असतं.

ते सर आमच्याकडे आणखी दोन वर्षं होते. तिसऱ्या वर्षी विषयाचा कार्यभार कमी झाला म्हणून त्यांची फेरनेमणूक झाली नाही. आता ते जिल्ह्याच्या गावी स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये अर्थशास्त्र शिकवतात. पैसे बरे मिळतात, म्हणाले. गेल्या वर्षी भेटले तेव्हा पिशवीतून आपल्या प्रश्नसंचाचं पुस्तक काढून दिलं. मी एस.टी.त चाळलं. एफआरपी त्यात आहे. ऊस कारखान्याला दिल्यापासून किती दिवसांत शेतकऱ्याला रक्कम देणं कारखान्यावर बंधनकारक आहे? पर्याय चार. उत्तर शेवटच्या पानावर, उलटं छापलेलं: चौदा.